तुरुंगातला जेवणाचा हॉल : टेबलं जमिनीत पक्की करून भागतं का?

रेघोटी (धागाकर्ती):
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज खरंच अडलेलं काम घेऊन आलेय. आमच्या ऑफिसकडे एका तुरुंगाच्या जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचं काम आलंय आणि त्यातला जेवणाचा हॉल माझ्या गळ्यात पडलाय. कुठला तुरुंग ते विचारू नका, सांगता येणार नाही. दोनशे माणसं एका वेळी बसतील एवढा हॉल, लांबी २४ मीटर, एकच मोठं दार, दुसऱ्या टोकाला वाढायची एक खिडकी. वरून आलेल्या कागदात "सुरक्षितता वाढवणे" एवढंच लिहिलंय आणि खाली यादी दिलीय की टेबलं-स्टुलं जमिनीत पक्की करा, कॅमेरे वाढवा, वरून नजर ठेवायला एक गॅलरी काढा.

मी शाळांची, हॉस्पिटलांची कँटीनं केलीत. तिथं माणूस वैतागला तर उठून जातो, इथं जाणार कुठं. तर ज्यांनी हे आतून बघितलंय, ड्युटीवर असाल, स्वयंपाकघरात असाल, कसेही असाल, त्यांनी सांगा की नेमकं बिघडतं कुठं? चार जणांची टेबलं की लांब बाकं यावर ऑफिसात दोन तट पडलेत आणि दोन्हीकडचं मला पटतंय म्हणजे मला काहीच कळत नाहीये असं धरून चाला.

वाचनवेडी:
वेगळाच विषय. वाचतेय.

रात्रपाळीवाला:
ताई, विचारलंत हेच बरं केलंत, नाहीतर आम्हाला हॉल बांधून झाल्यावर दाखवतात. मी या खात्यात सत्तावीस वर्षं काढली, त्यातली आठ-नऊ तरी जेवणाच्या ड्युटीवर. टेबलावरची मारामारी सगळ्यांना दिसते, कॅमेऱ्यातही दिसते, म्हणून सगळे टेबलाकडे बघत बसतात. पण ती सुरू झालेली असते रांगेत. आणि रांगेतली कुठून येते तर वाढणाऱ्याच्या हातातल्या डावातून. याला डाव गच्च भरून, त्याला अर्धा, तिसऱ्याला वरचं पाणी. बाहेर आपण याला पंक्तिप्रपंच म्हणतो आणि नाक मुरडून सोडून देतो. आत तसं नाही हो. आतल्या माणसाकडे दिवसभरात स्वतःचं म्हणावं असं मोजायला दुसरं काही नसतंच, त्यामुळे ताटात काय पडलं ते डोळ्यात तेल घालून मोजलं जातं, आणि कमी पडलं तर ते भुकेपेक्षा अपमान म्हणून लागतं. सगळ्यांसमोर झालेला अपमान गिळला की उद्यापासून तो माणूस गिळणारा म्हणून ओळखला जातो, म्हणून तो गिळत नाही. बस्स, एवढंच गणित आहे.

टेबलं पक्की करा, माझी ना नाही. स्टूल डोक्यात बसलेलं मी बघितलंय. चार जणांची घ्या, लांब बाकं नकोत. लांब बाकावर मधे बसलेल्या माणसाला पटकन उठता येत नाही, पाय अडकतात, मागे पुढे माणसं, आणि आम्हाला त्याच्यापर्यंत पोचायचं तर सहा जणांना उठवावं लागतं. चारच्या टेबलाला चारही बाजूंनी जाता येतं आणि गट झाला तरी चारचाच होतो. पण नुसती टेबलं पक्की करून काम झालं असं समजलात तर चुकलात.

सरळमार्गी:
मला एक कळत नाही, एवढं डोकं का शिणवायचं? ज्याचं त्याचं ताट ज्याच्या त्याच्या कोठडीत सरकवा, दार बंद. हॉलच नको, मारामारी नको, टेबलांचा खर्च नको. हे काय लग्नाला आलेले पाहुणे आहेत का?

जुनं_बाड:
सरळमार्गी, तुमची कल्पना नवी नाही, चांगली दोनशे वर्षं जुनी आहे :) फिलाडेल्फियाला १८२९ साली ईस्टर्न स्टेट नावाचा तुरुंग सुरू झाला तो नेमका याच तत्त्वावर. प्रत्येक जण एकटा, काम एकट्याने, जेवण दारातल्या फटीतून. त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यात ऑबर्न तुरुंगाने दुसरा रस्ता धरला, तिथं दिवसा काम एकत्र, जेवण एकत्र, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. सगळ्यांना एकाच दिशेला तोंड करून बसवायचे म्हणजे कुणाची कुणाशी नजर भिडू नये. या दोन पद्धतींवरून तिकडे कित्येक वर्षं वाद चालला. एकट्याला ठेवल्याने माणसं वेडी होतात अशी ओरड झाली आणि शिवाय ते महाग पडत होतं, त्यामुळे अमेरिकेत बहुतेकांनी ऑबर्नचीच नक्कल केली. तुमच्या त्या लांब बाकांचं मूळ तिथं आहे रेघोटीताई. ती बाकं गप्प बसलेल्या माणसांसाठी होती. पुढे बोलायला परवानगी मिळाली, पण बाकं तशीच राहिली.

रेघोटी:
अरे वा, हे ऑफिसात सांगते. लांब बाकंवाल्यांचा मुद्दा "असंच असतं" एवढाच होता.

आतला_बाहेरचा:
मी जास्त लिहीत नाही कधी. सरळमार्गींसाठी लिहितो. मी चार वर्षं आत होतो, का ते इथं महत्त्वाचं नाही, शिक्षा भोगली आणि आलो. त्यातलं दीड वर्ष कोठडीत जेवलो आणि बाकीचं हॉलमधे. कोठडीत म्हणजे संडासापासून दोन हातावर. दोघांच्या कोठडीत एक जेवतोय आणि दुसऱ्याला नेमकी तेव्हाच लागली तर काय करता, सांगा. तुम्ही म्हणाल पाहुणे आहात का, नाही, पाहुणे नाही. पण मारामारी थांबते हे चुकीचं आहे. ती फक्त दिसायची थांबते. कोठडीत सोबतचा दांडगा असेल तर तुमच्या ताटातलं निम्मं रोज त्याचं, आणि शिपाई दारावरून पुढं गेलेला असतो. हॉलमधे निदान शंभर डोळे असतात. मला हॉलमधे भीती वाटायची ते खरंय, पण कोठडीत मी उपाशी राहिलोय.

सुईदोरा:
आतला_बाहेरचा, लिहिलंत त्याबद्दल आभार. मी तुरुंगाच्या दवाखान्यात नर्स होते म्हणून सांगते, वजन कमी होत चाललेला माणूस आला की तपासण्या करायच्या आधी मी विचारायचे की तुझं ताट कोण खातं. अर्ध्या वेळा उत्तर तिथंच मिळायचं.

सरळमार्गी:
ठीक आहे, संडासाचा मुद्दा मान्य. तो माझ्या डोक्यातच आला नव्हता. पण मग हॉलमधे बंदूकवाला उभा करा ना गॅलरीत, कोण हात उचलेल?

रात्रपाळीवाला:
साहेब, दोनशे माणसं गुंतलेली असताना वरून गोळी कुणाला मारणार? आणि खाली फिरणाऱ्याकडे शस्त्र असेल तर ते हिसकावलं जाणार हे पहिल्या दिवशीच्या ट्रेनिंगमधे शिकवतात.

जुनं_बाड:
नियमातही तेच आहे. संयुक्त राष्ट्रांचे कैद्यांना वागवण्याचे किमान नियम १९५५ साली जिनिव्हात ठरले होते, ते डिसेंबर २०१५ मधे सुधारून घेतले आणि त्यांना नेल्सन मंडेला नियम असं नाव दिलं. एकूण १२२ नियम. त्यातला ८२वा सांगतो की कैद्यांशी थेट संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांकडे खास परिस्थिती सोडता शस्त्र असू नये. २२वा जेवणाबद्दल आहे, पौष्टिक, चांगल्या प्रतीचं, नीट शिजवलेलं आणि नीट वाढलेलं, शिवाय नेहमीच्या वेळेला. "नीट वाढलेलं" हे शब्द वेगळे घातलेत बघा, म्हणजे रात्रपाळीवाल्यांचा डाव थेट संयुक्त राष्ट्रांपर्यंत पोचलाय. आणि ४३वा म्हणतो की शिक्षा म्हणून जेवण किंवा पिण्याचं पाणी कमी करता येणार नाही.

आणि वरून धाक दाखवायचा म्हणाल तर अल्काट्राझचं उदाहरण घ्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं बेट, १९३४ ते १९६३ तिथं अमेरिकेचा सगळ्यात कडक तुरुंग होता. जेवणाच्या हॉलच्या छताला अश्रुधुराचे डबे बसवले होते, कळ दाबली की धूर. एकोणतीस वर्षांत एकदाही दाबली नाही. पण तिथल्या पहिल्या वॉर्डनचं म्हणणं असं की खराब जेवण हे दंग्याचं मोठं कारण, म्हणून त्याने जेवण चांगलं ठेवलं, हवं तेवढं घ्या पण घेतलेलं संपवा असा खाक्या. जेवायला साधारण वीस मिनिटं आणि उठायच्या आधी प्रत्येक टेबलावरचे सुरी-काटे-चमचे मोजायचे, आकडा जुळला की मगच उठायचं. अर्थात सगळं गोड नव्हतं. १९३७ साली एका कैद्याने त्याच हॉलमधे त्या वॉर्डनलाच मागून गाठून बेदम मारलं. धुराचे डबे तेव्हाही छतालाच होते.

गणिती_कावळा:
रांगेबद्दल बोलतायत सगळे पण रांग किती मोठी ते कुणी विचारलं नाही. रेघोटीताई, एका ताटाला वाढायला किती वेळ लागतो? मी नऊ सेकंद धरतो, तुम्ही मोजून घ्या. दोनशे माणसं गुणिले नऊ म्हणजे अठराशे सेकंद, अर्धा तास. आता जेवणाची वेळ जर अर्धाच तास असेल तर शेवटच्या माणसाच्या हातात ताट येतं तेव्हा शिट्टी वाजायची वेळ झालेली. पहिल्याला तीस मिनिटं, शेवटच्याला शून्य. मग रांगेत पुढे घुसण्यावरून भांडणं होणार नाहीत तर काय होईल, पुढे घुसणं हा तिथं माज नाहीये, तो शहाणपणा आहे!

आणखी एक. रांगांच्या शास्त्रात एक साधा नियम आहे, जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केला. रांगेतली सरासरी माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबायचा वेळ. तुमच्या खिडकीतून मिनिटाला साधारण पावणेसात ताटं बाहेर पडतात, तर रांगेत चाळीस माणसं दिसली की समजायचं प्रत्येक जण तिथं सहा मिनिटं एकमेकांना खेटून उभा आहे. चाळीस माणसांची रांग, एकाला अर्धा मीटर दिला तरी वीस मीटर. तुमचा हॉल चोवीस मीटरचा. म्हणजे ही रांग जेवणाऱ्यांच्या टेबलांमधूनच जाते ना?

रेघोटी:
हो :( थेट मधून. ताट घेतलेला माणूस परत त्याच रांगेला छेद देऊन टेबलाकडे येतो. जुन्या नकाशात तसंच आहे आणि मी नव्या नकाशात पण तसंच ठेवलं होतं, खरं सांगते.

रात्रपाळीवाला:
झालं तर मग. तुमचं भांडण तिथंच आहे. गरम ताट घेतलेला माणूस आणि उपाशी उभा असलेला माणूस एकमेकांना घासून जातात. एक धक्का, दोन थेंब सांडले, संपलं.

मांजरपाट:
+१. आमच्या होस्टेलच्या मेसमधे सुद्धा हेच होतं.

गणिती_कावळा:
उपाय दोन. एक, दुसरी खिडकी. दुसरा, दोनशे एकदम न आणता पन्नास पन्नास आणा. दोन खिडक्या आणि पन्नास माणसं म्हणजे पावणेचार मिनिटांत सगळ्यांच्या हातात ताट. वीस मिनिटं शांतपणे जेवा, निघा. पहिल्या आणि शेवटच्या माणसातला फरक चार मिनिटांवर आला की घुसण्यात काही अर्थच उरत नाही. रांगेला धाक लागत नाही, रांगेत पुढे असण्याचा फायदा काढून घ्यावा लागतो.

कढईतळ:
थांबा थांबा थांबा. कागदावर छान दिसतंय. मी मोठ्या प्रमाणावरच्या स्वयंपाकात आयुष्य घालवलंय, त्यात काही वर्षं तुरुंगाच्या मुदपाकखान्याची देखरेख. पन्नासच्या चार पाळ्या म्हणजे येणं-जाणं-पुसणं धरून पाऊणे दोन तास. तेवढा वेळ जेवण गरम कोण ठेवणार? आणि सुरक्षितता म्हटलं की सगळ्यांना मारामारीच आठवते, माझ्या हिशेबात जास्त माणसं पातेल्यामुळे आजारी पडतात. अमेरिकेत १९९८ ते २०१४ या काळातल्या अन्नातून झालेल्या साथींचा अभ्यास झालाय, त्यात तुरुंगांमधल्या दोनशे साथी निघाल्या आणि वीस हजारांहून जास्त आजारी, आणि आतल्या माणसाला अशा साथीत सापडायची शक्यता बाहेरच्यापेक्षा सहापटीहून जास्त. सहापट! पुष्कळ वेळा कारण एकच, शिजवलेलं अन्न तासन् तास नुसतं ठेवून दिलेलं. मोठ्या पातेल्याच्या मधोमध कोमट राहिलं की क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जंतू तिथं मजेत वाढतो, त्याची बीजं शिजवून मरत नाहीत.

म्हणून नियम असा की गरम ते साठ अंशांच्या वर, गार ते पाच अंशांच्या खाली, मधलं काही नको. आणि उरलेलं गार करायचं असेल तर पातेल्यात ठेवून नाही, उथळ तसराळ्यांत पसरून, पहिल्या दोन तासांत एकवीस अंशांपर्यंत उतरलं पाहिजे आणि पुढच्या चार तासांत पाचपर्यंत. चार पाळ्या करायच्या तर चार वेळा थोडं थोडं शिजवा किंवा वाढायच्या टेबलात गरम पाण्याचे हौद द्या. ताई, त्याला वीज आणि पाण्याची लाईन लागते, ती आत्ता नकाशात नाही घातली तर नंतर कुणी घालत नाही.

सुईदोरा:
पण कढईतळ, साठ अंश म्हणजे भाजणं पण आलं ना. साठ अंशांचं पाणी अंगावर पडलं तर पाच सेकंदांत खोल भाजतं, सत्तरला एक सेकंद पुरे. मी भाजलेले चेहरे बघितलेत, ते चुकून सांडलेलं नव्हतं. तुमच्या नियमाने अन्न सुरक्षित आणि माणूस धोक्यात.

कढईतळ:
बरोबर आहे, हे भांडण आमच्यातही कायम व्हायचं. आम्ही शेवटी असं केलं की गरम हौद वाढणाऱ्याच्या बाजूला, कठड्याच्या आत, माणसाचा हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर. ताट उथळ आणि पातळ पदार्थ वेगळ्या छोट्या भांड्यात, ताटात पडेपर्यंत तो बराच उतरतो. प्यायचं गरम पेय मात्र उकळतं द्यायचंच नाही, ते झाकणाच्या पिंपात आधी उतरवून मग बाहेर. लोक कुरकुरले की कोमट आहे म्हणून. कुरकुरू देत.

रेघोटी:
एक मधेच विचारते. ऑफिसातल्या एकाने सुचवलंय की वाढायची खिडकी बंदच ठेवू, खाली फक्त ताट सरकेल एवढी फट. वाढणाऱ्याला कळत नाही कुणाला वाढतोय आणि घेणाऱ्याला कळत नाही कोण वाढतंय. पंक्तिप्रपंचाचा प्रश्नच मिटला?

जुनं_बाड:
अमेरिकेत काही तुरुंगांत हे आहे. तत्त्व चांगलं आहे, धमकी द्यायला समोर माणूसच नाही.

रात्रपाळीवाला:
मी अशा फटीपाशी उभा राहिलोय. वाढणाऱ्यावरची दादागिरी कमी होते हे खरं. पण मग कमी पडलं तर तो बोलणार कुणाशी, भिंतीशी? फटीतून हात आत घालून ताट आपटतो. आणि पलीकडे वाढणाऱ्याला कुणी बघत नाहीये म्हटल्यावर तो काय काय करेल ते मी जेवणाच्या धाग्यावर लिहीत नाही. माझं मत, खिडकी अर्धी. हात आणि डाव दिसू दे, चेहरा नाही दिसला तरी चालेल. डाव एकाच मापाचा, सपाट काठाचा, वर कापायचा. आणि शिपाई खिडकीपाशी उभा पाहिजे, लांबच्या भिंतीला टेकून नाही. ज्याला कमी वाटलं त्याने तिथंच सांगायचं, खिडकी सोडल्यावर नाही, आणि शिपायाने तिथंच निकाल द्यायचा. दहा सेकंदाचं काम आहे. ते नाही केलं तर पुढं दहा टाके.

वाढणारे दर काही आठवड्यांनी बदला हे पण. एकच माणूस वर्षभर डाव धरून बसला की तो वाढपी राहत नाही, सावकार होतो. अर्धा डाव जास्त, त्याच्या बदल्यात हे आण, ते कर.

आतला_बाहेरचा:
सावकार शब्द बरोबर आहे.

सुईदोरा:
दवाखान्याच्या बाजूने दोन गोष्टी. लांब लिहितेय, सांभाळून घ्या. पहिली इन्सुलिनची. जेवणाआधीचं जलद काम करणारं इन्सुलिन साधारण पंधरा मिनिटं आधी देतात. मी अकरा जणांना टोचलं आणि तेवढ्यात आत कुठेतरी काहीतरी झालं, सगळं जागच्या जागी बंद, मोजणी सुरू, जेवण तासभर पुढे. अकरा माणसं, पोटात काही नाही आणि रक्तातली साखर उतरतेय. घाम, थरथर, एक जण बडबडायला लागला, शिपायाला वाटलं दंगा करतोय म्हणून दोघांनी त्याला खाली दाबला. तो माणूस शुद्ध हरपत होता हो. त्या दिवसापासून मी ताट दिसल्याशिवाय सुई काढली नाही, त्यावरून बोलणीही खाल्ली. ताई, जमलं तर हॉलला लागूनच टोचायची छोटी खोली द्या, बाकी काही नको, एक टेबल, हात धुवायची सोय आणि एक कपाट, ज्यात साखर ठेवता येईल.

दुसरी घास अडकण्याची. मानसिक आजारावरची काही औषधं अशी असतात की त्याने गिळणं मंदावतं. तुरुंगात ती घेणारे खूप असतात. त्यात पंधरा मिनिटांत उठा म्हटलं की माणूस न चावता ढकलतो. हॉलमधे गोंगाट एवढा की घास अडकलेला माणूस, जो आवाज काढूच शकत नाही, तो कुणाला ऐकू येणार. शेजारी बसलेल्या कैद्यांनाच पाठीत थाप आणि पोटावर दाब कसा द्यायचा ते शिकवा. आमच्याकडे एकदा एकाने दुसऱ्याला असं वाचवलं, ते दोघं आधी एकमेकांशी बोलत पण नव्हते.

मांजरपाट:
गोंगाटाबद्दल कुणीतरी बोला, मला वाटतं ते मोठं कारण असेल.

रेघोटी:
यावर मी बोलू शकते, हे माझं खातं :) काँक्रीटचा तळ, काँक्रीटच्या भिंती, लोखंडी टेबलं, उंच छत. टाळी वाजवली तर चार-पाच सेकंद घुमते. आणि आजूबाजूला आवाज असला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो, एत्येन लोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली हे नोंदवलंय. सगळेच चढवतात म्हणून सगळेच आणखी चढवतात. शेवटी "मीठ दे" सुद्धा शिवी दिल्यासारखं ऐकू येतं. आवाज शोषणारे तक्ते छताला लावता येतात, हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर, धातूची जाळी पुढे, म्हणजे तोडून काही लपवता येणार नाही. मी ते बजेटमधे घातले होते, पहिल्या फेरीत कापले गेले. "कैद्यांना काय स्टुडिओ करून द्यायचाय का" असं एका बैठकीत ऐकलं.

रात्रपाळीवाला:
त्यांना सांगा, शिपायांसाठी लावतोय म्हणून. खोटं पण नाही ते. मागे कुणी हाक मारली तर मला ऐकू आली पाहिजे. मी एकदा नाही ऐकलेली, खांद्याला अजून खूण आहे.

वाचनवेडी:
चमच्यांचं काय करतात पण? प्लॅस्टिकचे देतात ना?

रात्रपाळीवाला:
प्लॅस्टिकच्या दांडीला सुद्धा टोक येतं, घासत बसायला वेळ पुष्कळ असतो. चमचा कशाचा यापेक्षा तो परत आला का हे महत्त्वाचं. दिलेले किती, आलेले किती. आता हे मोजायचं कुठं यावर वाद आहे. दारात मोजलं तर दारात गर्दी तुंबते आणि तुंबलेलं दार ही सगळ्यात वाईट जागा. टेबलावर बसल्या बसल्या मोजलं तर वेळ जातो पण सगळे बसलेले असतात. मी दुसऱ्या मताचा. खऱ्या सुऱ्या मात्र मुदपाकखान्यात असतात, तिकडचं कढईतळ सांगतील.

कढईतळ:
आमच्याकडे फळ्यावर प्रत्येक सुरीची आकृती रंगवलेली असायची, सुरी उचलली की तिची सावली दिसते, लांबूनच कळतं कुठली नाही. कापायच्या टेबलाला सुरी पोलादी दोराने बांधलेली. पाळी संपली की फळा भरेपर्यंत कुणीही बाहेर नाही, मी पण नाही.

जुनं_बाड:
दार तुंबण्यावरून आठवलं. अ‍ॅटिका. न्यूयॉर्क राज्यातला तुरुंग, सप्टेंबर १९७१. सगळ्यांना आठवतो तो मधल्या पटांगणावरचा ताबा आणि १३ तारखेचा गोळीबार, एकूण ४३ माणसं गेली. पण सुरुवात ९ तारखेला सकाळी झाली ती नाश्ता करून परतणाऱ्या एका तुकडीपासून, हॉलमधे नाही, हॉलबाहेरच्या बोळात. बोळाच्या शेवटचं दार कुलूप होतं, माणसं अडकली, आदल्या दिवसाचा राग होताच. बोळ जिथं एकमेकांना मिळतात तिथलं मधलं फाटक एका सदोष वेल्डिंगवर उभं होतं, ते दाबाने निखळलं आणि चारही बाजू मोकळ्या झाल्या. खदखद बरीच आधीपासून होती, गर्दी, आठवड्याला एक अंघोळ, बरंच काही, सगळा दोष फाटकावर टाकायचा नाहीये. पण नकाशा काढणाऱ्याने हॉलच्या दारापाशी थांबू नये एवढ्यासाठी सांगितलं.

रेघोटी:
खरं सांगू का, बोळ माझ्या कामात नाहीच. तो "अस्तित्वात असलेला" म्हणून करड्या रंगात दाखवलाय. उद्या साइटवर जाऊन बघते.

सरळमार्गी:
मी इथं टोमणा मारायला आलो होतो आणि दीड तास वाचत बसलो. एक प्रश्न, मनापासून. जेवणाचा दर्जा वाढवला तर मारामारी खरंच कमी होते का, की हे सगळं म्हणायला?

कढईतळ:
इंग्लंडमधे एल्सबरीच्या तरुण कैद्यांवर प्रयोग झालाय, २००२ साली छापून आला. २३१ जण, निम्म्यांना जीवनसत्त्वं-खनिजं-चांगल्या चरबीच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या खोट्या, कुणाला काय मिळतंय ते देणाऱ्यालाही माहीत नाही. खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचे शिस्तभंगाचे प्रकार खोट्या घेणाऱ्यांपेक्षा २६ टक्क्यांनी कमी भरले. नंतर नेदरलँड्समधेही तसा प्रयोग झाला, तिथंही नोंदलेले प्रकार कमी झाले. गोळ्यांचा प्रयोग आहे, स्वयंपाकाचा नाही, त्यामुळे मी फार ताणत नाही. पण रात्रीचं जेवण आणि सकाळच्या नाश्त्यात किती तास जातात ते बघा. अमेरिकेतल्या सुधारगृहांच्या संघटनेचा दंडक आहे की चौदा तासांपेक्षा जास्त नको. कर्मचाऱ्यांच्या पाळ्या सोयीच्या व्हाव्यात म्हणून संध्याकाळचं जेवण दुपारी उरकलं की सकाळी हॉलमधे येणारा माणूस आधीच पेटलेला असतो.

जुनं_बाड:
नॉर्वेतल्या हाल्डेन तुरुंगाचंही सांगतो, २०१० साली सुरू झाला, कडक सुरक्षेचाच आहे. दहा-बारा जणांच्या गटाला एक स्वयंपाकघर आणि बसायची खोली. दोनशेचा प्रश्न दहाचा करून टाकला.

रात्रपाळीवाला:
चांगलंय. पण तिकडे माणसाला माणूस लावलेला असतो. इकडे आम्ही तिघं आणि ते दोनशे. माणसं न वाढवता नुसती स्वयंपाकघरं वाढवली तर वीस हॉल होतील आणि वीसमधे कुणीच नसेल.

रेघोटी:
आज साइटवर जाऊन आले. नवा कच्चा नकाशा शब्दात सांगते. खिडक्या दोन, दोन्ही अर्ध्या उघड्या, शिपायाला उभं राहायला मधे जागा. रांग हॉलच्या बाहेरच्या बाजूने कठड्याआड येते, ताट घेतलेला माणूस परत तिला छेदत नाही. आत यायचं दार एक, जायचं दुसरं, दोन्ही एकदम उघडणार नाहीत, आगीच्या वेळी सोडून. चारची टेबलं, पक्की, त्यातली काही एका बाजूने मोकळी म्हणजे चाकाची खुर्ची जाईल. टोचायची खोली घातली. गरम हौदांची लाईन घातली. आवाजाचे तक्ते शिपायांच्या नावाने परत घातलेत :) बोळातल्या दाराला काच नाही, पलीकडे माणसं अडकलीत का ते दिसत नाही, त्याचं वेगळं पत्र लिहिलंय. गॅलरी काढून टाकली, त्या पैशात दुसरी खिडकी येते. पटेल की नाही माहीत नाही. काही राहिलं का?

आतला_बाहेरचा:
एक राहिलं. नवीन आलेला माणूस. पहिल्या दिवशी ताट हातात येतं, तुम्ही वळता आणि समोर सगळी टेबलं भरलेली. कुठं बसायचं माहीत नाही. प्रत्येक टेबल कुणाचं तरी आहे आणि कुठलं कुणाचं ते लिहिलेलं नाही. सगळे बघतायत. चुकीच्या जागी बसलात तर ताट उडतं, उभं राहिलात तर शिपाई ओरडतो बस म्हणून. मी पहिल्या दिवशी ताट परत खिडकीत ठेवलं आणि तसाच गेलो. तीन दिवस तेच केलं.

रात्रपाळीवाला:
आम्हाला वाटायचं नवीन माणूस जेवत नाही तो घरच्या आठवणीने.

आतला_बाहेरचा:
ते पण असतं. पण पोटाला ते कळत नाही.

रात्रपाळीवाला:
खिडकीजवळची दोन टेबलं नव्यांसाठी ठेवता येतील. पहिला आठवडा शिपायाच्या नजरेसमोर. त्याला काही बांधकाम पण लागत नाही.

आतला_बाहेरचा:
अगदी शिपायाच्या मांडीवर नको. तिथं बसणारा खबऱ्या ठरतो. थोडं बाजूला, भिंतीकडे पाठ करून बसता येईल असं.

रेघोटी:
मी सगळे नकाशे वरून काढलेत. ताट घेऊन वळलेल्या माणसाला समोर काय दिसतं ते एकदाही काढून बघितलं नव्हतं. उद्या खिडकीपाशी उभं राहून तेवढ्या उंचीवरून एक चित्र काढते, मग ती दोन टेबलं कुठं ते ठरवते.

वाचनवेडी:
चित्र इथं टाकता येईल?

रेघोटी:
नाही ना. पण आतला_बाहेरचा, तुम्ही बघाल का? मेसेज करते.

आतला_बाहेरचा:
करा. संध्याकाळी सातनंतर. आता मी वाढप्याचं काम करतो, सातपर्यंत हात रिकामा नसतो.